बीप वाजली, पण टर्नपॉइंट मिळाला नाही: पॅराग्लायडिंग स्पर्धेत ट्रॅक फाइल नक्की कशी तपासतात?

सह्यवारा | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो आणि पाच वर्षं कामशेतच्या डोंगरांवरून उडतो आहे. मार्चमध्ये मावळात एक छोटी क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण तक्रार माणसांबद्दल नाही. मला मोजणी समजून घ्यायची आहे.

दुसऱ्या दिवसाचा टास्क (उडून पार करायचा ठरलेला मार्ग) असा होता: टेकऑफभोवती ८ किलोमीटर त्रिज्येचा सिलिंडर, म्हणजे नकाशावर आखलेलं वर्तुळ, त्याच्या बाहेर पडायचं, मग मागे येऊन ४०० मीटर त्रिज्येचा एक टर्नपॉइंट (वाटेत गाठायचा ठरलेला टप्पा) आणि शेवटी जुन्या हायवेजवळच्या मोकळ्या रानात गोल, म्हणजे टास्कचा शेवट. मी पवना धरणाच्या दिशेनं, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणेला गेलो. शेवटच्या दोन किलोमीटरला थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर नेणारे गरम हवेचे झोत, अगदी दुबळे होते. उंची जपत जपत पुढे सरकत होतो. व्हेरिओनं (उंची आणि जीपीएसवरचं अंतर दाखवून मार्ग नोंदवणारं यंत्र) ८ किलोमीटरची बीप दिली, स्क्रीनवर पुढचा टर्नपॉइंट आला आणि मी लगेच वळलो. परतताना पश्चिमेचा वारा सुरू झाला होता, त्या पट्ट्यात चांगली उंची मिळाली आणि मी गोलमध्ये उतरलो. स्पर्धेत गोलपर्यंत पोचण्याची ती माझी पहिलीच वेळ. खाली उतरल्यावर हार्नेस काढायच्या आधी घरी फोन केला होता.

रात्री निकाल लागला. त्यात माझं अंतर जेमतेम आठ किलोमीटर, जणू मी पवनेच्या वाटेवरच उतरलो. गुण मोजणाऱ्या स्कोअररनं माझ्या यंत्रानं नोंदवलेल्या मार्गाची ट्रॅक फाइल उघडून दाखवली: केंद्रापासून जास्तीत जास्त अंतर ७९७८ मीटर. टर्नपॉइंट हुकला, म्हणून पुढचं काहीच धरलं नाही.

माझ्या यंत्रानं ८००० दाखवले तेव्हाच बीप वाजली. फाइल त्याच यंत्रातली, उपग्रह तेच. मग २२ मीटर गेले कुठे? जीपीएसची चूक चार-पाच मीटर असते हे माहीत आहे, पण इथे ती दोन्हीकडे सारखीच असणार ना?

---

रविवारचा_पायलट | रविवार, रात्री ११:१५

वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे स्पर्धा मुळात वीस-तीस जणांच्या. सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही गोलमध्ये उतरताना दहा जणांनी पाहिलं असेल. मग २२ मीटरसाठी माणसाचा अख्खा दिवस पुसून टाकायचा? शंका आली तरच फाइल बघावी, एरवी पायलटचा शब्द पुरे असावा असं माझं ठाम मत आहे.

---

जुना_हात | सोमवार, सकाळी ६:५०

रविवारचे पायलट, तुमची भावना पोचली, पण शब्दावर चालणाऱ्या स्पर्धेत काय होतं ते मी पाहिलं आहे. जीपीएस येण्याआधी टर्नपॉइंटचा पुरावा म्हणजे फोटो. टेकऑफला टास्क लिहिलेल्या फळ्याचा फोटो काढायचा, मग हवेत प्रत्येक टर्नपॉइंटचा, तोही ठरलेल्या कोनातून. पूल असेल तर पुलाच्या पलीकडच्या बाजूनं काढलेलाच फोटो चालायचा. त्यावरून तुम्ही त्या बिंदूच्या मागे गेला होतात हे ठरायचं. थर्मलमध्ये हेलकावे खात, एका हातात दोन्ही ब्रेक धरून, दुसऱ्या हातानं कॅमेरा सांभाळायचा. संध्याकाळी रोल धुवायला जायचे आणि रात्री आम्ही मदतनीस निगेटिव्ह भिंगाखाली धरून बसायचो. ग्लायडरचा पंख फोटोत आला म्हणून टर्नपॉइंट झाकला गेला, फिल्म अडकली, ढगाची सावली पडली, अशा कारणांनी चांगली उड्डाणं गेली. आणि भांडणं तर रोजची, कारण कोन बरोबर की चूक हे शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यावर होतं.

मग जीपीएस आला. सुरुवातीला अमेरिकेनं नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवलेला असायचा, शंभर मीटरपर्यंत चूक धरायची. २ मे २००० ला ते बंद केलं आणि एका दिवसात अचूकता वीस मीटरच्या आत आली. त्या आठवड्यात आम्ही घराच्या गच्चीवर यंत्र ठेवून आकडे बघत बसलो होतो.

फाइल आली तेव्हापासून पायलट आणि परीक्षक एकाच कागदाकडे बघू लागले. ती सोय मला गमवायची नाही. सह्यवारांचं उड्डाण का गेलं हे मात्र शोधायलाच हवं.

---

गुणफलक | सोमवार, सकाळी ९:०५

मी दुसऱ्या एका स्पर्धेत स्कोअरिंग करतो, म्हणून फाइलबद्दल थोडं सांगतो.

आपण आयजीसी नावाच्या प्रकारातली जी ट्रॅक फाइल देतो ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. बी अक्षरानं सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे तुमचा एक क्षण: तास-मिनिट-सेकंद, अक्षांश, रेखांश, मग ए किंवा व्ही (उपग्रहांकडून उंचीसकट पूर्ण स्थान मिळालं की नाही), मग हवेच्या दाबावरची उंची आणि शेवटी जीपीएसची उंची. वेळ जागतिक असते, म्हणून आपला साडेअकराचा स्टार्ट तिथे सहा वाजता दिसतो. दर स्पर्धेत कुणीतरी घाबरून विचारतंच की माझी वेळ साडेपाच तास चुकली आहे का.

फाइलच्या तळाशी इंग्रजी "G" अक्षरानं सुरू होणाऱ्या ओळी असतात. ती यंत्राची किंवा ॲपची सही. मधल्या एका ओळीतला एक आकडा जरी बदलला तरी तपासणीत सही जुळत नाही. म्हणून फाइल संगणकावर उघडून परत सेव्ह करू नका, यंत्रातून निघाली तशीच द्या.

आता २२ मीटरबद्दल. स्कोअरर सीमेला थोडी सूट देतो. वरच्या दर्जाच्या स्पर्धांमध्ये ती त्रिज्येच्या ०.१ टक्के, पण कमीत कमी ५ मीटर. तुमच्या ८ किलोमीटरला ८ मीटर सूट, म्हणजे ७९९२ पर्यंत जायला हवं होतं. १४ मीटर कमी पडले. जीपीएसची चूक हे कारण वाटत नाही, कारण तुम्ही म्हणता तसं, बिंदू दोन्हीकडे तेच आहेत. अंतर काढायची रीत वेगळी असावी. यंत्राच्या सेटिंगमध्ये "अर्थ मॉडेल" किंवा तशा नावाचं काही आहे का बघाल?

---

सह्यवारा | सोमवार, दुपारी १:२०

ऑफिसात डबा खाताना यंत्र चालू करून पाहिलं. दोन पर्याय आहेत: एफएआय स्फिअर आणि डब्ल्यूजीएस ८४. माझ्याकडे पहिला निवडलेला आहे. मी तो कधीच बदललेला नाही, यंत्र सेकंडहँड घेतलं तेव्हापासून तसाच असेल. एवढ्यानं फरक पडतो?

---

ओळंबा | सोमवार, रात्री ९:३०

पडतो. मी पायलट नाही, जमीन मोजणीत तीस वर्षं काढली आहेत, भाचा उडतो म्हणून हे सगळं वाचत असतो. हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पृथ्वी पूर्ण गोल धरली तर हिशेब सोपा होतो, म्हणून एफएआय स्फिअर या जुन्या पद्धतीत ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा धरतात. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी आहे. डब्ल्यूजीएस ८४ हा तो चपटा आकार. चपटेपणामुळे जमिनीचा बाक सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखा नसतो. मावळाच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १८.७ अंशांवर, उत्तर-दक्षिण दिशेला जमीन अशी वाकते की जणू गोळ्याची त्रिज्या ६३४२ किलोमीटर आहे. पूर्व-पश्चिमेला तीच ६३८० भरते.

आता सह्यवारांचं उड्डाण. ते दक्षिणेला गेले. यंत्रानं अक्षांशातला फरक घेतला आणि ६३७१ नं गुणलं. स्कोअररनं त्याच फरकाला ६३४२ चा हिशेब लावला. ६३४२ भागिले ६३७१, गुणिले ८०००: उत्तर ७९६४ मीटर. म्हणजे बीप वाजली तेव्हा ते खऱ्या मोजणीत सीमेच्या ३६ मीटर अलीकडे होते. वळता वळता आणखी १४ मीटर गेले असतील, ग्लायडर सेकंदाला दहा मीटर जातं म्हणतात, तर दीड सेकंद. ७९६४ अधिक १४, झाले ७९७८. स्कोअररचा आकडा बरोबर आहे आणि यंत्रही आपल्या हिशेबानं खरं बोललं.

हेच पूर्वेला गेले असते तर उलट झालं असतं. तिकडे बीप बारा मीटर उशिरा वाजली असती आणि टर्नपॉइंट मिळून गेला असता. दिशेवर नशीब ठरत होतं.

आपल्या देशात तर ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाली. ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया-रेषा मोजली, तिथून त्रिकोणांची साखळी उत्तरेला नेली आणि त्यातून १८३० चा एव्हरेस्ट लंबगोल, म्हणजे पृथ्वीच्या चपट्या आकाराचं माप, निघालं. आमच्या पिढीनं त्यावरचेच नकाशे वापरले. पृथ्वीचा कुठला आकार धरला आहे हे लिहिल्याशिवाय मोजणीच्या कागदावर सही करायची नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तुमच्या टास्कच्या फळ्यावर ते लिहिलेलं असतं का?

---

सह्यवारा | सोमवार, रात्री १०:०५

ओळंबा काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मनावरचं ओझं उतरलं. गेले तीन आठवडे मी स्वतःच्याच फाइलवर संशय घेत होतो. फळ्यावर टर्नपॉइंट, त्रिज्या, स्टार्टची वेळ, लँडिंगची अंतिम वेळ एवढंच होतं. कुठला आकार धरायचा किंवा सूट किती, यातलं काही नव्हतं.

---

गुणफलक | मंगळवार, सकाळी ८:४०

ओळंबा काकांना दंडवत. आम्हा स्कोअररांना "०.५ टक्क्यांपर्यंत फरक येतो" एवढंच पाठ असतं, तो कुठून येतो ते आज कळलं. या फरकामुळेच पूर्वी सूट ०.५ टक्के ठेवायचे आणि खालच्या दर्जाच्या स्पर्धांना अजूनही तेवढी ठेवता येते. ती असती तर सीमा ७९६० वर आली असती आणि सह्यवारांचं उड्डाण पूर्ण धरलं गेलं असतं. आयोजकांनी कडक सूट ठेवली यात चूक नाही. पण कडक सूट ठेवायची तर ब्रीफिंगला सगळ्यांची सेटिंग तपासून घ्यायला हवी होती. ती जबाबदारी आमच्या बाजूची आहे असं मी मानतो.

आणखी एक गोष्ट, कारण दर मोसमात दोन-तीन उड्डाणं यात जातात: नोंदीचा वेग. जुन्या यंत्रांत बॅटरी वाचवायला दर दहा सेकंदांनी एक बिंदू ठेवलेला असतो. ४०० मीटरच्या सिलिंडरचा कोपरा तुम्ही फक्त ५ मीटर आत जाऊन कापला, तर आतला रस्ता सव्वाशे मीटरचा होतो. स्पीडबार (वेग वाढवायची पायाजवळची दांडी) दाबून ताशी ५५ किलोमीटरनं जाणारा पायलट तो आठ-साडेआठ सेकंदांत पार करतो. म्हणजे एक बिंदू आत जायच्या आधी आणि दुसरा बाहेर पडल्यावर, मधे काहीच नाही. तुम्ही आत होतात, पुरावा बाहेर आहे. नोंद दर सेकंदाला ठेवा. आणि शेवटच्या क्षणी कापू नका, बीप वाजल्यावर मनात तीन आकडे मोजून मग वळा.

---

घार_कर्वेनगर | मंगळवार, दुपारी ३:१०

उंचीचा मुद्दाही इथेच घ्यायला हवा. पुण्याजवळ उडताना लोहगावच्या विमानतळाची आणि हवाई दलाची हद्द आहे, त्यामुळे टास्कमध्ये उंचीची मर्यादा येतेच. एकदा मी आणि माझी मैत्रीण एकाच थर्मलमध्ये, पंखाला पंख लावून मर्यादेच्या थोडं खाली होतो. दोघींनी तिथेच थर्मल सोडलं. रात्री तिला मर्यादा ओलांडल्याबद्दल शून्य गुण आणि मला काहीच नाही. दोघींच्या फाइलमधली जीपीएसची उंची साठ-पासष्ट मीटरनं वेगळी होती. मी निर्दोष सुटले, पण दोन रात्री झोप लागली नाही, कारण मी तिच्या शेजारीच होते. आम्ही तक्रार केली, ती ऐकली गेली नाही. काका, हेही पृथ्वीच्या आकाराचंच का?

---

ओळंबा | मंगळवार, रात्री ८:५५

त्याचाच सख्खा भाऊ. उपग्रह उंची मोजतो ती त्या चपट्या गुळगुळीत आकारापासून. आपण "समुद्रसपाटीपासून" म्हणतो तेव्हा समुद्राचं पाणी गुरुत्वाकर्षणानं जिथे स्थिरावेल ती पातळी धरतो. या दोन्ही एक नाहीत. जगात ही पातळी सर्वांत खोल गेली आहे ती श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, शंभर मीटरहून अधिक. त्या खळग्याचा उतार आपल्या खालूनही जातो. पुण्यात समुद्राची पातळी त्या गणिती आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली भरते. म्हणून जे यंत्र उपग्रहाची कच्ची उंची लिहितं, ते तेवढी कमी दाखवणार. तुमचं यंत्र कच्ची लिहीत असेल, मैत्रिणीचं दुरुस्त करून. दोघी एकाच उंचीवर होतात.

---

गुणफलक | मंगळवार, रात्री ९:४०

दाबावरची उंचीही डोळे मिटून घेता येत नाही. ती प्रमाणित हवा धरून काढतात आणि एप्रिलमधली मावळातली हवा त्यापेक्षा वीस अंशांनी तरी गरम असते. दर दहा अंशांना साधारण चार टक्के, या हिशेबानं बॅरोमीटर दोन हजार मीटरवर दीडशे मीटर कमी दाखवू शकतो. म्हणून मर्यादा सांगताना कुठली उंची धरणार हे आधी जाहीर करायचं आणि एकच धरायची. घार, तुमच्या मैत्रिणीला शून्य द्यायला नको होतं.

---

रविवारचा_पायलट | बुधवार, सकाळी ७:३०

मी पहिल्या प्रतिसादात लिहिलेलं मागे घेत नाही, पण त्यात भर घालतो. शब्द पुरे असावा असं म्हणालो, कारण फाइलवर माझा विश्वास नव्हता. आता विचारतो: सही जुळली म्हणजे उड्डाण खरं, असं तरी म्हणता येतं का? मी माझं यंत्र दुसऱ्याच्या हार्नेसला लावून पाठवलं तर?

---

गुणफलक | बुधवार, सकाळी ११:००

योग्य प्रश्न. सही एवढंच सांगते की फाइल त्या यंत्रानं लिहिली आणि नंतर कुणी हात लावला नाही. यंत्र कुणाच्या मांडीवर होतं ते ती सांगत नाही. त्यासाठी माणसं लागतात: टेकऑफला नाव आणि ग्लायडरचा रंग लिहून घेणारा, गोलवर उभा असलेला. खोटा सिग्नल देऊन फाइल तयार करायची म्हटली तरी दाबाची उंची वेगळ्या सेन्सरमधून येते, ती जीपीएसशी ताल धरून वरखाली व्हायला हवी. शिवाय थर्मलमध्ये घेतलेली वर्तुळं वाऱ्यानं सरकतात. त्या तासाला त्या डोंगरावर सगळ्यांची वर्तुळं पूर्वेकडे ढकलली जात असतील आणि एकाचीच जागेवर राहिली असतील, तर ते नकाशावर लगेच डोळ्यांत भरतं. मी निकाल लावण्याआधी सगळ्या फाइल एकत्र चालवून बघतोच.

---

जुना_हात | बुधवार, दुपारी १२:१५

आणि फाइल फक्त गुणांसाठी नाही. आता ट्रॅकर दर काही सेकंदांनी मोबाइल नेटवर्कवरून स्थान पाठवतो. कोण कुठे उतरला, कोण हलत नाही, हे खाली बसून कळतं. आपल्या देशात सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त नेटवर्कवर. पवनेच्या मागे, तुंग-तिकोन्याच्या दऱ्यांत ते जातं. स्क्रीनवर ठिपका थांबला की माणूस पडला की नेटवर्क गेलं हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आयोजकांनी अशा दऱ्यांच्या तोंडाशी वॉकीटॉकी घेऊन एक माणूस बसवावा.

---

इंद्रायणीकाठ | बुधवार, रात्री ८:२०

नमस्कार. मी मावळातलाच, आमचं रान टेकडीच्या पायथ्याला आहे. उडता येत नाही, पण लहानपणापासून डोक्यावरून छत्र्या जाताना बघतोय. तुमच्या या फाइलचा आम्हालाही उपयोग झाला ते सांगतो.

भातकापणी झाल्यावर खाचरं मोकळी असतात, तेव्हा कुणी उतरलं तर आम्ही पाणीच देतो. पण आम्ही पाणी देऊन गहू आणि हरभरा करतो, तो फेब्रुवारीत उभा असतो. दोन वर्षांमागं एका दिवशी तिघं गव्हात उतरले, त्यांना न्यायला आलेली जीप बांधावरून आत घातली, आणि सगळे निघून गेले. वडील लय चिडले होते, पुन्हा कुणाला उतरू देणार नाही म्हणाले. मी स्पर्धावाल्यांना फोन केला. त्यांनी त्या दिवसाच्या फाइल उघडल्या आणि कोणते तिघं, किती वाजता, कुठल्या वावरात, सगळं सापडलं. दुसऱ्या दिवशी तिघंही घरी आले, वडिलांच्या पाया पडले, नुकसान भरून दिलं. त्यातला एक अजून दिवाळीला येतो.

माझी विनंती एवढीच की टास्क ठरवताना ज्या रानात पीक उभं आहे तेही तुमच्या नकाशात टाका. आम्ही गावातली पोरं खुणा करून देऊ.

---

घार_कर्वेनगर | बुधवार, रात्री ८:५०

दादा, हे तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. नकाशात उतरण्यास मनाई असलेला भाग टाकता येतो, यंत्र तिथे सूचनाही देतं. या मोसमातलं मी स्वतः करून देते. तुमच्याकडे कधी येऊ?

---

इंद्रायणीकाठ | बुधवार, रात्री ९:१०

या ताई, शनिवारी या. गव्हाची कापणी झाली आता, पण बांध फिरून दाखवतो.

---

सह्यवारा | शुक्रवार, रात्री ९:४५

मधे दोन दिवस लिहिलं नाही, कारण आयोजकांशी बोलत होतो. ओळंबा काकांचा हिशेब त्यांना पाठवला. त्यांनी आणि त्यांच्या स्कोअररनं तो स्वतः करून पाहिला आणि मान्य केला. निकाल बदलणार नाही, तक्रारीची मुदत त्याच रात्री संपली होती आणि बदलला तर इतरांचे गुणही हलतील. मला ते पटलं. पुढच्या वेळी फळ्यावर तीन ओळी जास्त असतील: अंतर डब्ल्यूजीएस ८४ वर, सूट किती, आणि मर्यादेसाठी कुठली उंची. सगळ्यांच्या मूळ फाइल निकालासोबतच खुल्या ठेवायलाही ते तयार झाले.

त्यांनी त्या दिवसाच्या सगळ्या फाइल पुन्हा चाळल्या. दक्षिणेला गेलेले आणखी दोघं माझ्यासारखेच ३० मीटरच्या आत हुकले होते. एकाला वाटत होतं की आपण घाईत लवकर वळलो. त्यानं त्यानंतर स्पर्धेत भाग घेतलेला नाही. मी आज त्याला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोललाच नाही, मग म्हणाला, "सेटिंग कुठं असतं ते दाखवशील का?"

तर शनिवारी सकाळी आठ वाजता कामशेत स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटू. ज्याच्याकडे जे यंत्र किंवा फोनमधलं ॲप असेल ते घेऊन या, चार्ज करून. एकेकाचं सेटिंग बघू, नोंद एका सेकंदावर आणू, आणि सगळी यंत्रं एका जागी ठेवून कोण किती उंची सांगतं ते वहीत लिहू. ओळंबा काका लोकलनं येणार आहेत, त्यांच्यासाठी कुणीतरी गाडी आणा. तिथून इंद्रायणीकाठ यांच्या रानात जायचं आहे.